दोन पट्ट्यांमधली जागा

शहादे तालुक्यातील ब्राह्मणपुरीसारख्या गावी एकादशीच्या रात्री भजन बसले, म्हणजे टाळमृदंगाच्या जोडीस पेटी ही असावयाचीच. ती तेथे इतकी रुळली आहे की, ती परक्या मुलखातून आली असे सांगितले तर ऐकणाऱ्यास नवल वाटावे. वास्तविक याच नंदुरबार जिल्ह्याच्या डोंगराळ भागात भोपळा व बांबू यांपासून घरच्या घरी बनविलेली पावरी आदिवासी बांधव वाजवीत आले आहेत. तिच्यापुढे पेटी ही कालची पाहुणी होय. आलेक्सांद्र दबँ याने पॅरिस येथे १८४२ साली हार्मोनियमचे हक्क नोंदविले. ते वाद्य पायाने भाता हलवून, खुर्चीवर बसून वाजवावयाचे होते. हिंदुस्थानात ते आले आणि येथील कारागिरांनी त्याचे पाय काढून टाकले. भाता मागे गेला, एक हात भात्यावर गेला आणि वाजविणारा बैठकीवर बसला. १८८० नंतर मराठी संगीत रंगभूमी बहरास आली, तीत पायपेटी व ऑर्गन यांस मानाचे स्थान मिळाले, आणि हातपेटी गावोगावच्या मंदिरांत पोहोचली.

परंतु या पाहुणीच्या अंगी एक जन्मजात उणीव होती. गवयाचा गळा किंवा सारंगीवरील बोट एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना वाटेतील प्रत्येक बिंदूस स्पर्श करीत जाते. यालाच मींड म्हणतात. पेटीला वाट नाही, पायऱ्या तेवढ्या आहेत. एक पट्टी सोडली आणि दुसरी दाबली की मधली जागा ओलांडून उडी पडते. शिवाय त्या पायऱ्याही पाश्चात्त्यांच्या सोयीने सारख्या अंतरावर बसविलेल्या. षड्जाची आंदोलने सेकंदास २४० धरली, तर तंबोऱ्यातून आपोआप उमटणारा शुद्ध गंधार ३०० आंदोलनांचा येतो. समान अंतराच्या पेटीत तोच ३०२ च्या किंचित वर जातो. हा फरक लहान खरा. पण तंबोरा जुळला असताना तयार कानास तो काट्यासारखा टोचतो.

ही उणीव दूर करण्याचा पहिला मोठा प्रयत्न महाराष्ट्रातच झाला. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांनी बावीस श्रुतींचे गणित मांडून १९१० साली पुस्तक प्रसिद्ध केले. गणित गळ्याशी ताडून पाहण्यास त्यांना अब्दुल करीम खाँ यांच्यासारखा सुरेल गायक लाभला, आणि मुलकी सेवेतील अधिकारी ई. क्लेमंट्स यांचे साहाय्य मिळाले. त्यातून श्रुति-हार्मोनियम तयार झाले. १९१६ च्या मार्चमध्ये बडोद्यास भरलेल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत ते मांडण्यात आले. परंतु श्रुतींची स्थाने कोणती, याविषयी विद्वानांचे एकमत झाले नाही. पायऱ्या बारांच्या बावीस झाल्या, तरी त्या पायऱ्याच राहिल्या, हा आक्षेपही कायम होता.

पुढे या वादास कठोर वळण लागले. दिल्ली केंद्रावर पाश्चात्त्य संगीताची जबाबदारी सांभाळणारे जॉन फोल्ड्स यांनी पेटीविरुद्ध लेखणी चालविली. रवींद्रनाथांनी आपल्या आश्रमातून तिला आधीच निरोप दिला होता. नभोवाणीनेही तसेच करावे, असे त्यांनी १९४० च्या जानेवारीत कलकत्ता केंद्रास कळविले. लायोनेल फील्डन हे नभोवाणीचे नियंत्रक असताना, त्याच वर्षीच्या १ मार्चपासून आकाशवाणीवर पेटी बंद झाली. परकीय राज्य गेले, पण ही बंदी गेली नाही. गोविंदराव टेंबे यांनी ज्या वाद्यावर भास्करबुवा बखले यांच्यासारख्या गवयाची साथ केली, त्या वाद्यास ध्वनिक्षेपकासमोर मज्जाव झाला. ज्यांचा चरितार्थ साथीवर चालला होता, अशा अनेक वादकांस नभोवाणीचे दार बंद झाले. शास्त्राच्या दृष्टीने आक्षेप खोटा नव्हता. पण त्याची किंमत ज्यांनी मोजली, त्यांचा त्या दोषाशी काही संबंध नव्हता.

अखेर १९७१ साली बंदी सैल झाली आणि पेटी साथीपुरती परत आली. तोवर वादकांनी कायद्याची वाट पाहिली नव्हती. दोन पट्ट्यांवरून बोट चपळाईने निसटते नेणे, भात्याचा दाब कमीअधिक करणे, अशा युक्तींनी त्यांनी मिंडेचा भास उत्पन्न केला होता. पुढे डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी नव्याने सिद्ध केली. षड्ज व पंचम अचल ठेवून उरलेल्या दहा स्वरांस प्रत्येकी दोन श्रुती दिल्या की बेरीज बावीस होते. राग पाहून खुंट्या ओढावयाच्या आणि हवी ती श्रुती निवडावयाची, अशी तिची योजना आहे.

आज हाच प्रश्न निराळ्या वेषात पुन्हा उभा आहे. संगणकातील स्वरांचे नियंत्रण करण्यासाठी हौशी मंडळी घरीच लहानशा पेट्या जुळवितात. त्यांत स्लायडर नावाची सरकती कळ बसवितात. कळ कार्बनच्या पट्टीवर सरकते आणि त्याप्रमाणे विजेचा दाब अखंड चढतो वा उतरतो. ही मिंडेचीच चाल होय. पण पट्टी झिजते, धूळ बसते आणि खरखर सुरू होते. म्हणून तिच्या ऐवजी कित्येक जण एन्कोडर ही फिरती खुंटी घेतात. ती केवळ पावले मोजते. दोन संपर्कांपैकी कोणता आधी जुळला, यावरून दिशा ओळखते. वीज गेली की आपण कोठे होतो हे मात्र तिला उमगत नाही. स्पर्शविरहित चुंबकीय कळाही मिळतात. त्यांत घासण्यास काही नसल्याने झीज टळते.

तथापि खरी मेख पुढे आहे. १९८३ सालापासून वाद्यांच्या परस्पर संभाषणासाठी मिडी नावाची जी सांकेतिक भाषा चालते, तिच्यातील साध्या आज्ञेस १२८ पायऱ्या आहेत. सप्तकाचे १२०० सेंट त्यांत वाटले, तर एक पायरी नऊ सेंटांहून मोठी येते. आणि पेटीच्या गंधाराची चूक तर अवघी चौदा सेंटांची होती! २००५ साली इटलीत जन्मलेल्या आर्डुइनोच्या साध्या फळीस कळीच्या १,०२४ जागा ओळखता येतात. परंतु निरोप १२८ पायऱ्यांचाच धाडला, तर ती सूक्ष्मता वाटेतच गळून पडते. मिंडेसाठी त्याच भाषेत १६,३८४ पायऱ्यांची निराळी आज्ञा आहे. ती वापरली तर पायरी कानास जाणवेनाशी होते.

तेव्हा कळ अखंड असावी की पायरीची, हा वाद एकट्या कळीकडे पाहून सुटत नाही. हातापासून कानापर्यंतच्या साखळीत जी कडी सर्वांत ढोबळ, तिच्यावर स्वराचे भवितव्य ठरते. देवलांनी कडी शोधली आणि सुधारू पाहिली; बंदी घालणाऱ्यांनी साखळीच तोडली. एकतीस वर्षांनी ती पुन्हा जोडावी लागली, यातच या इतिहासाचा धडा आहे. भजनात पेटी वाजत असता तंबोरा जवळ ठेवून गंधार पडताळून पाहणारा एखादा मुलगा गावात निघाला, तर देवलांचे काम पुढे चालले असे समजावे.