डास खाणारी तुळस बनवता येईल का?

जनुकं बदलून डास गिळणारी तुळस बनवली, ती दारात लावली आणि डेंग्यूची कटकट संपली, असं झालं तर? कल्पना गमतीची आहे, पण या वाटेवर माणूस बराच चालून आला आहे.

कीटक खाणाऱ्या वनस्पती आपल्या महाराष्ट्रातही आहेत. साताऱ्याजवळच्या कास पठारावर पावसाळ्यात 'दवबिंदू' उगवते. तिच्या पानांवरच्या चिकट थेंबांत कीटक अडकतो आणि पान त्याला पचवतं. तिथेच फुलणाऱ्या 'सीतेची आसवं' या वनस्पतीच्या सूक्ष्म पिशव्या ओल्या मातीतले बारीक जीव आत ओढतात. चार्ल्स डार्विन यांनी १८७५ मध्ये अशा वनस्पतींवर ग्रंथ लिहिला आणि त्या खरोखर पचन करतात हे प्रयोगांनी दाखवलं. निकस जमिनीत नायट्रोजन कमी मिळतो, म्हणून ही शिकार. गावातले डास संपवण्याएवढी त्यांची भूक नसते.

पुढे परदेशात 'सिट्रोसा' नावाचं झाड विकायला आलं. सिट्रोनेला गवताची जनुकं घातल्याने ते डास पळवतं, असा दावा होता. १९९४ आणि १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत तो टिकला नाही. झाड शेजारी असूनही डास चावतच राहिले.

यश मिळालं ते एका जिवाणूमुळे. १९०१ मध्ये जपानमध्ये रेशीमकिडे मारणारा एक जिवाणू सापडला. तोच पुढे 'बीटी' म्हणून ओळखला गेला. त्याचं जनुक घातलेल्या कापसाला भारतात २००२ मध्ये परवानगी मिळाली. पण ते बोंडअळीसाठी, डासांसाठी नव्हे. १९७६ मध्ये इस्रायलमधल्या नेगेव्ह वाळवंटात याच जिवाणूचा डासांच्या अळ्या मारणारा प्रकार मिळाला. आज तो अळीनाशक म्हणून साठलेल्या पाण्यात टाकतात.

म्हणजे डासाला हवेत पकडण्यापेक्षा पाण्यातच संपवणं सोपं. शिरूर-दौंडसारख्या कमी पावसाच्या भागात घरोघरी पिंप, टाक्या, रांजण भरून ठेवावे लागतात. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करा, आतून घासा, कोरडी होऊ द्या आणि भरल्यावर घट्ट झाका. अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरड्यातही महिनोन्महिने टिकतात, म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही. मोठ्या टाकीत गप्पी मासे सोडा. कूलर आणि जुने टायरही तपासा.

ताप आलाच तर अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन मनाने घेऊ नका. त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. पोटात खूप दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, किंवा ताप उतरताना कमालीचा थकवा यांपैकी काहीही दिसलं तर लगेच दवाखाना गाठा. डेंग्यूत ताप उतरतानाचे दिवसच सर्वांत जपण्याचे असतात.