मागाहून येणारी भीती

कोकण किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना काही तारखा पाठ असत. ११ नोव्हेंबर १९२७ ही त्यांतली एक. त्या एकाच दिवशी ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन आगबोटी वादळात बुडाल्या. दुसरी तारीख १७ जुलै १९४७. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सकाळी रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली. तिन्ही बोटी एकाच देशी कंपनीच्या. लोक आपुलकीने तिला ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत.

या घटना मालवणपासून दूर घडल्या असतील, पण आमच्या किनाऱ्याला त्या परक्या नव्हत्या. मुंबईच्या गिरण्यांत राबणारा चाकरमानी तेव्हा बोटीनेच गावी येई. विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला ही बंदरे म्हणजे आमची स्टेशने. बोट खोल पाण्यात उभी राही, पडाव येऊन माणसे किनाऱ्याला नेई. त्यामुळे बोट बुडाल्याची बातमी आली की प्रत्येक वाडीत पहिला प्रश्न एकच असे : आपले कोण होते?

या अपघातांवर बरेच लिहिले गेले आहे. बोटीची बांधणी, हवामान, उतारूंची संख्या, मृतांचा आकडा हे सारे त्यात येते. मला कुतूहल आहे ते वाचलेल्यांचे. ‘रामदास’मधून दोनशेंहून अधिक माणसे जिवंत परतली. रेवसकडून मासळी घेऊन येणाऱ्या मचव्यांनी मासळी समुद्रात टाकून बुडणाऱ्यांना वर घेतले, असे सांगतात. ती माणसे घरी आली, अंगावरचे ओले कपडे बदलले गेले, देवापुढे नारळ फुटला. तिथे कथा संपते. पण त्या माणसांच्या पुढच्या रात्रींचे काय झाले?

हा प्रश्न मला पुस्तकातून पडलेला नाही. १६ मे २०२१ रोजी ‘तौक्ते’ चक्रीवादळ सिंधुदुर्गच्या समोरून गेले, तेव्हा आम्ही घरात होतो. माडांचे शेंडे जमिनीला टेकत होते, छपराचे नळे पानांसारखे उडत होते. त्या रात्री मी घाबरलो नाही. बादल्या लावल्या, म्हातारीला मधल्या खोलीत नेले, सकाळी पडलेली झाडे तोडायला लागलो. पुढचे कित्येक दिवस वीज नव्हती, कामाला अंत नव्हता. सगळे मार्गी लागले, घर शाकारून झाले, पावसाळाही सरला. आणि दिवाळीच्या सुमारास मला स्वप्ने पडू लागली. स्वप्नात छप्पर नसे, आणि म्हातारी कुठल्या खोलीत आहे ते मला आठवत नसे. घामाने भिजून उठायचो. दिवसाही वाऱ्याने दार आपटले की छाती धडधडे. संकटाला सहा महिने झाले होते आणि भीती आता आली होती. घरी सांगायचीही लाज वाटे.

मग शोधू लागलो. पहिला दिलासा मिळाला तो फार जुन्या ग्रंथात. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात स्वप्नांचे सात प्रकार दिले आहेत : दृष्ट, श्रुत, अनुभूत, प्रार्थित, कल्पित, भाविक आणि दोषज. म्हणजे पाहिलेले, ऐकलेले, भोगलेले, इच्छिलेले, कल्पिलेले, पुढचे सुचवणारे आणि शरीरातील दोषांमुळे पडणारे. यांतले पहिले पाच प्रकार वैद्याने निष्फळ समजावेत, असे तिथे सांगितले आहे. जे भोगले तेच स्वप्नात दिसले तर त्यातून पुढचे काही सूचित होत नाही.

आमच्या भागात नेमके याच्या उलट समजतात. बुडालेला माणूस स्वप्नात आला की त्याचे काही राहिले, तो बोलावतो आहे, असा अर्थ लावला जातो. वाडी दाखवली जाते, देवाला कौल लावला जातो. ज्याला स्वप्न पडते तो त्या अर्थानेच अधिक धास्तावतो. मेलेल्या सोबत्याची आठवण आणि मेलेल्याचे बोलावणे या दोन गोष्टींत केवढे अंतर आहे!

पाश्चात्त्य वैद्यकालाही हे ओळखायला वेळ लागला. १८६६ मध्ये लंडनचे शल्यवैद्य एरिक्सन यांनी रेल्वे अपघातातून वाचलेल्यांच्या तक्रारींवर पुस्तक लिहिले. बाहेरून फारशी इजा न दिसणारी माणसेही पुढे झोप गमावतात, हे त्यांनी पाहिले होते. पण कारण त्यांनी पाठीच्या कण्याला बसलेल्या धक्क्यात शोधले. पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये, मायर्स यांनी सैनिकांच्या अशाच अवस्थेला ‘शेल शॉक’ या नावाने वैद्यकीय नियतकालिकात आणले. त्या युद्धात आमचे मराठा शिपाईही होते. मेसोपोटेमियात कुत-अल-अमाराच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी अडकल्या आणि २९ एप्रिल १९१६ ला शरण गेल्या. किती गेले, किती मेले, हे गावोगावच्या दगडी पाट्या सांगतात. परतलेल्यांना झोप लागत होती का, हे पाटीवर लिहिण्याची रीत नव्हती.

अखेर १९८० मध्ये अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात आघातानंतरच्या या विकाराला स्वतंत्र स्थान मिळाले. त्यातच एक पोटप्रकार होता : घटनेनंतर सहा महिने किंवा त्याहून उशिरा सुरू होणारा. ते वाचले त्या दिवशी आपण वेडे नाही एवढे मला कळले.

‘वेडे’ हा शब्द मुद्दाम वापरला. आमच्याकडे मनाच्या दुखण्याचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतो, याला रत्नागिरीला न्यायला हवा. तिथल्या मनोरुग्णालयावरून पडलेली ही थट्टा आहे. तिच्या धाकाने कितीजण गप्प बसले असतील.

तरी भाषेला सगळे ठाऊक होते. ‘धसका घेणे’ आणि ‘धास्ती बसणे’ हे दोन प्रयोग पाहा. धसका माणूस घेतो आणि तो आत राहतो. धास्ती येऊन जात नाही, बसते. रीतीही होत्या. नारळी पौर्णिमेला मालवणात सगळा गाव मिळून दर्याला नारळ देतो. ज्याच्या मनात गेल्या हंगामाची भीती असेल, त्याचे पाऊल पाण्याकडे पुन्हा वळते ते चारचौघांबरोबर. गाऱ्हाण्यातही एकाचे दुखणे मोठ्याने बोलले जाते आणि जमलेले सारे ‘होय महाराजा’ म्हणतात. याला मी उपचार म्हणणार नाही. पण दुखणे एकट्याने वाहायचे नसते, एवढे शहाणपण त्यात आहे.

उणे आहे ते आपल्या कागदांत. तौक्तेनंतर पंचनामे झाले. घरे, होड्या, जाळी, आंब्या-माडाची झाडे मोजली गेली. त्याच वादळात मुंबईजवळच्या समुद्रात ‘पी-३०५’ हा बार्ज बुडून सत्तरहून अधिक कामगार गेले, तेही मोजले गेले. तासन्‌तास लाटांत काढून जे परतले, त्यांच्या झोपेसाठी मात्र पंचनाम्यात रकाना नाही. शिवाय पंचनामा आठवड्या-पंधरवड्यात उरकतो. ही भीती त्यानंतर येते.

म्हणून वादळानंतर सहा महिन्यांनी, वर्षाने, कोणीतरी पुन्हा दार वाजवावे आणि विचारावे, झोप लागते का? आशाताई हे करू शकतील, सोसायटीचा चेअरमन करू शकेल, शेजारीही करू शकेल. २०२२ पासून ‘टेली-मानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांकही आहे. माझ्यापुरते सांगायचे तर मी डॉक्टरांकडे गेलो, आणि घरी एकदाचे बोललो. तेव्हा म्हातारी शांतपणे म्हणाली की तिलाही तीच स्वप्ने पडत होती. तिच्या स्वप्नात मी छपरावर असे.