निर्देशांक (संगणकशास्त्र)

निर्देशांक : यादी किंवा ॲरेमधील घटकाचे स्थान सांगणारा पूर्णांक. पायथन, पर्ल, रुबी, जावास्क्रिप्ट या स्क्रिप्टिंग भाषांत यादीच्या नावापुढे चौकटी कंसात निर्देशांक लिहिला की त्या स्थानावरचा घटक मिळतो. १९८२ साली चंद्रपूरमधून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यातील पाच तालुक्यांची मुख्यालये उत्तरेकडून दक्षिणेकडे पायथनमध्ये अशी मांडता येतात :

गावे = ["देसाईगंज", "आरमोरी", "गडचिरोली", "चामोर्शी", "सिरोंचा"]

येथे गावे[०] म्हणजे देसाईगंज आणि गावे[२] म्हणजे गडचिरोली. २००८ साली आलेल्या पायथन ३ पासून चलांची नावे देवनागरीत लिहिता येतात. प्रत्यक्ष टंकताना कंसातील अंक मात्र इंग्रजी अंकचिन्हांतच द्यावा लागतो.

शून्यापासून मोजणी : निर्देशांक हा क्रमवाचक अंक नसून यादीच्या आरंभापासूनचे अंतर आहे. पहिला घटक आरंभावरच असल्याने त्याचे अंतर शून्य. समान आकाराचे घटक स्मृतीत सलग ठेवलेले असतात, तेव्हा आरंभाच्या पत्त्यात निर्देशांक आणि घटकाचा आकार यांचा गुणाकार मिळवला की हवा तो पत्ता थेट निघतो. म्हणून यादी कितीही लांब असली तरी घटक गाठायला सारखाच वेळ लागतो. पायथनच्या यादीत घटकांचे संदर्भ असे सलग असतात. लुआ या भाषेत मात्र मोजणी एकपासून करण्याचा प्रघात आहे.

शेवटून मोजणी आणि तुकडा : पायथन, पर्ल व रुबीत −१ हा निर्देशांक शेवटचा घटक देतो, म्हणून गावे[−१] म्हणजे सिरोंचा. जावास्क्रिप्टच्या चौकटी कंसात ही सोय नाही. पायथनमध्ये गावे[१:३] लिहिल्यास आरमोरी आणि गडचिरोली ही दोनच गावे मिळतात, कारण आरंभाचा निर्देशांक धरला जातो व शेवटचा वगळला जातो. त्यामुळे दोन्ही अंकांची वजाबाकी हीच तुकड्याची लांबी होते. शून्यापासूनची मोजणी याच पद्धतीशी जुळते, हे एड्सगर डायक्स्ट्रा यांनी १९८२ मधील एका टिपणात दाखवून दिले.

मर्यादेबाहेरचा निर्देशांक : पाच घटकांच्या यादीत गावे[५] मागितल्यास पायथन त्रुटी दाखवून थांबतो. जावास्क्रिप्ट व पर्ल थांबत नाहीत. ‘अव्याख्यात’ असे मूल्य देऊन पुढे जातात. अशी चूक उशिरा लक्षात येते, म्हणून ती अधिक घातक.

देवनागरी मजकूर : पायथनमध्ये शब्दातील चिन्हांनाही निर्देशांक असतात. ‘चंद्रपूर’ या शब्दात वाचकाला चार अक्षरे दिसतात. पायथन अनुस्वार, हलन्तचिन्ह आणि उकार वेगळे धरून आठ चिन्हे मोजतो. निर्देशांक १ मागितल्यास ‘द्र’ न मिळता नुसता अनुस्वार मिळतो. मराठी नावांचे आद्याक्षर काढताना हे ध्यानात ठेवावे लागते.

स्थान आणि ओळख : चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात प्रत्येक वनकक्षाला क्रमांक असतो. हा क्रमांक निर्देशांक म्हणून वापरू नये. नोंदीत ७४, ७६ आणि ७९ हे तीनच कक्ष असतील, तर कक्ष ७६ चा निर्देशांक १ येतो आणि वरची एक नोंद गाळली की ० होतो. अशा माहितीसाठी पायथनमधील डिक्शनरी योग्य. तिच्यात घटक क्रमांकाच्या किल्लीने शोधला जातो. नोंदी वाढल्या-घटल्या तरी कक्षाचा क्रमांक तोच राहतो, निर्देशांक बदलतो.