दुसऱ्याच्या आवाजात

आवाज हा कवीच्या जिव्हाळ्याचा विषय; म्हणून मी एका आवाजाबद्दलच बोलणार आहे. अमेरिकेत ह्यूस्टनला नासाचे जॉन्सन अवकाश केंद्र आहे. तिथल्या नियंत्रण कक्षात माणसे पुष्कळ. कुणी विजेचा हिशेब पाहतो, कुणी हवेचा. पण वर यानात असलेल्यांशी बोलायचे ते साधारणपणे एकानेच. त्याला ‘कॅपकॉम’ म्हणतात. ही खुर्ची अंतराळवीरालाच द्यायची, असा प्रघात पडला होता. वरच्याची अडचण, तिथे जायची तयारी केलेल्यालाच कळणार ना!

जिंजर केरिक या बाईंनाही वर जायचे होते. मेक्सिकोच्या सीमेवरचे एल पासो हे त्यांचे गाव. आई मेक्सिकन वंशाची; वडील लहानपणीच गेले. टेक्सास टेक विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकून १९९४ साली त्या नासात नोकरीला लागल्या. अंतराळवीर निवडीत मुलाखतीपर्यंत पोहोचल्या आणि वैद्यकीय तपासणीत अडल्या. कारण काय, तर मूतखडा! आपल्याकडे घरोघरी ऐकू येणारे दुखणे. पण वजनरहित अवस्थेत हाडांतले कॅल्शियम झिजून लघवीत उतरते, खडे होण्याचा धोका वाढतो आणि तिथे दवाखाना नसतो. नियम कठोर होता, पण अन्यायाचा म्हणता येणार नाही.

मग त्यांनी जाणाऱ्यांना शिकवायला घेतले. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर राहणारी पहिली तुकडी म्हणजे शेफर्ड, गिदझेन्को आणि क्रिकालेव्ह. तिच्या रशियातल्या प्रशिक्षणाचा मेळ घालण्याचे काम केरिकबाईंकडे होते. २ नोव्हेंबर २००० रोजी हे तिघे स्थानकात शिरले. स्थानक नवे, त्यातली यंत्रे नवी. ती शिकवणाऱ्याइतकी कुणाला ठाऊक असणार? २००१ मध्ये केरिकबाई त्या खुर्चीवर बसल्या. अंतराळवीर नसलेली पहिली कॅपकॉम म्हणून त्यांची नोंद झाली. मला त्यांच्या पुढच्या पदापेक्षा हीच गोष्ट मोठी वाटते.

पुढे २००५ साली त्या फ्लाइट डायरेक्टर झाल्या. हिस्पॅनिक स्त्रियांत पहिल्याच. मोहीम चालू असताना या पदाचा शब्द अखेरचा. मात्र फ्लाइट डायरेक्टर सहसा स्वतः वर बोलत नाही. निर्णय कॅपकॉमला सांगतो. म्हणजे आता त्यांचे शब्द वर जात, पण दुसऱ्याच्या आवाजात.