रौजा म्हणजे बाग : खुलताबादचा दगड, चुना आणि आमचं अंगण

हेडफोन लावलेत ना? आजचा भाग ऐकून झाला की उठायचं आणि आपल्या अंगणात, गच्चीवर, नाहीतर बाल्कनीत जाऊन खाली वाकून बघायचं. काय बघायचं ते बोलता बोलता कळेलच.

आधी एक शब्द सांगते. खुलताबादला आमच्याकडची जुनी माणसं अजूनही 'रोजा' म्हणतात. "रोज्याला जाऊन आलो," असं आजोबा म्हणायचे. मला लहानपणी वाटायचं, रमजानच्या रोज्यावरून पडलं असणार हे नाव. पण तो शब्द वेगळा. हा मूळचा अरबी 'रौजा', आणि त्याचा अर्थ बाग. बागेत कबर बांधायची रीत होती, म्हणून पुढे कबरीलाच रौजा म्हणायला लागले. चौदाव्या शतकापासून सूफी संतांचे दर्गे इथे होते, त्यामुळे गावाला ते नाव चिकटलं. मग १७०७ साली औरंगजेब अहमदनगरला वारला, त्याला इथे आणून पुरलं. मेल्यानंतर त्याला 'खुल्दमकान' म्हणायचे, त्यावरून खुलताबाद. आता 'खुल्द' म्हणजे कायमचं ठिकाण, स्वर्ग. आणि त्या लोकांच्या कल्पनेतला स्वर्ग म्हणजे काय? पुन्हा बागच. म्हणजे गावाची दोन नावं, आणि दोन्ही फिरून बागेतच येतात.

हे मला शोधावंसं का वाटलं? त्याचं कारण आमचं अंगण. छत्रपती संभाजीनगरात आमचं जुनं घर आहे, पुढे छोटंसं अंगण. तीन वर्षांपूर्वी आम्ही ते 'करून घेतलं'. माती नको, चिखल नको, झाडायला सोपं पाहिजे. ठेकेदाराने सगळ्यावर काँक्रीट ओतलं, वर गुळगुळीत चकचकीत टाइल्स लावल्या आणि कोपऱ्यातल्या पारिजातकाच्या खोडापर्यंत सिमेंट आणून भिडवलं. दिसायला एकदम हॉटेलसारखं. पहिल्याच पावसाळ्यात आई त्या टाइलवरून घसरली, मनगट मोडलं. दुसऱ्या उन्हाळ्यात पारिजातक वाळला. पाणी घालत होतो हो, पण ते मुळापर्यंत जायला वाट कुठे होती? सगळं फाटकातून रस्त्यावर. आणि हे अशा शहरात, जिथे नळाला पाणी रोज येत नाही, कितीतरी दिवसांआड येतं. ठेकेदाराला बोल लावण्यात अर्थ नाही, टाइल मीच पसंत केली होती. फोनवर फोटो बघून.

त्या श्रावणात शनिवारी भद्रा मारुतीला गेले होते. झोपलेल्या मारुतीचं दर्शन घेऊन परत निघताना बनी बेगम बागेत शिरले. मोकळेपणाने सांगते, ऊन टाळायला शिरले, इतिहासासाठी नाही.

बनी बेगम ही औरंगजेबाच्या घराण्यातली सून. बाग मुघल पद्धतीची : चौफेर उंच भिंत, मधोमध कबर, पाण्याचे पाट, कारंजी, वाकदार छपरांच्या छत्र्या. कारंजी काही उडत नाहीत. पण मी खाली बघत होते, कारण अंगण डोक्यात होतं. आणि एक गोष्ट डोळ्यात भरली. पाय पडतात आणि पाणी वाहतं तिथे दगड. अंगावर चुन्याचा गिलावा. उरलेली सगळी जमीन उघडी, माती. आम्ही बरोबर उलटं केलं होतं.

आता दगडाचं बघू. आपल्या भागातला काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर. चार-पाच किलोमीटरवर वेरूळ आहे, तिथे याच दगडात वरून खाली कैलास कोरून काढलाय. हा दगड जड, घट्ट, पाणी फारसं पीत नाही, आणि ॲसिड सांडलं तरी संगमरवरासारखा लगेच खाल्ला जात नाही. पण सगळा काळा दगड सारखा नसतो बरं का. काही थरांत बुडबुड्यांची भोकं असतात, त्यात पांढरे खडे भरलेले दिसतात. तो लवकर झिजतो. घ्यायला गेलात तर हातोडीने ठोकून बघा. खणखणीत वाजला तर घ्या, बद्द आवाज आला तर ठेवून द्या. एक अडचण मात्र आहे. काळा दगड उन्हात जबरदस्त तापतो. एप्रिल-मे मध्ये अनवाणी चालून दाखवा! म्हणून तो सावलीच्या वाटेवर किंवा पायऱ्यांना चांगला, उघड्या गच्चीवर नाही.

आणि हाच दगड वर्षानुवर्षं कुजून जो भुसभुशीत तांबूस थर होतो, तो मुरूम. फुकटाच्या भावात मिळतो म्हणून आपण त्याला किंमत देत नाही. पण बागेतल्या वाटेला मुरुमासारखं दुसरं काही नाही. पसरायचा, पाणी मारायचं, धुमसाने चोपायचा. पाणी खाली जाऊ देतो, फार तापत नाही, खड्डा पडला तर एक घमेलं टाकलं की झालं.

आता चुना. हा माझा आवडता विषय, थोडी रेंगाळणार आहे. चुनखडी भट्टीत भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, उरतो तो कळीचा चुना. त्यावर पाणी घातलं की तो उकळतो, फसफसतो, विझतो. (हे घरी गंमत म्हणून करू नका, डोळ्यात उडाला तर डोळा जातो.) मग वाळूबरोबर घाणीत मळायचा. घाणी म्हणजे गोल दगडी चर आणि त्यात फिरणारं दगडी चाक, बैलाने ओढायचं. किल्ल्यावर गेलात तर ते चाक कुठेतरी पडलेलं दिसतंच. त्यात कुणी गूळ घालायचं, कुणी बेलफळाचं पाणी, कुणी हिरडा. भिंतीला लावला की हा चुना हवेतला तोच कार्बन डायऑक्साइड परत ओढून घेतो आणि हळूहळू पुन्हा दगड होतो. म्हणजे दगड भाजला, मऊ केला, हवा तिथे लावला आणि परत दगड झाला. याहून हुशार वस्तू मला तरी माहीत नाही.

सिमेंट यापेक्षा कठीण असतं, आणि त्रास तिथेच होतो. जुन्या दगड-चुन्याच्या भिंतीत ओल असतेच. चुना ती हळूहळू बाहेर सोडतो. वरून सिमेंट किंवा ऑइल पेंट लावला की ओल आत कोंडते, क्षार फुलतात आणि पापुद्रे निघतात. मग आपण म्हणतो, "जुनी भिंत, सडली." सडली नाही हो, तिचं तोंड दाबलं आपण. तुमच्या गावच्या घरी ओट्याची किंवा वृंदावनाची जुनी चुन्याची भिंत असेल तर तिला दर दिवाळीला नुसती चुन्याची सफेदी द्या. बस.

गिलाव्याची अजून एक गोष्ट वेरूळची. २०१६ साली राजदेव सिंह आणि मिलिंद सरदेसाई यांनी 'करंट सायन्स' या नियतकालिकात लिहिलं की वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू सापडले. देवगिरी किल्ल्यावरच्या नमुन्यातही सापडले. तंतूंनी गिलावा धरून ठेवला, किडीलाही लांब ठेवलं. अजिंठ्यात ते नव्हते आणि तिथे किडीने नुकसान जास्त केलं, असं त्यांचं म्हणणं. हसू नका! आणि कुंडीत लावायला तर अजिबात जाऊ नका, पोलीस इतिहास ऐकून घेत नाहीत.

संगमरवराची गोष्ट शहरातल्या बिबी का मकबऱ्याची. १६६० च्या आसपास बांधलेली, दिलरास बानू बेगमची कबर. वास्तुविशारद अताउल्ला, अभियंता हंसपतराय. खर्च ६ लाख ६८ हजार २०३ रुपये ७ आणे असा नोंदलेला आहे. सात आणेसुद्धा सोडले नाहीत! ताजच्या मानाने ही रक्कम फारच किरकोळ. मग काय केलं? संगमरवर वापरला तो मोजून : घुमटाला, आणि खाली साधारण कमरेच्या उंचीपर्यंत. बाकी अंग काळ्या दगडाचं आणि त्यावर गुळगुळीत पांढरा गिलावा. लोक याला 'गरिबाचा ताज' म्हणून हसतात. मला मात्र वाटतं, यात शिकण्यासारखं आहे. महागडी वस्तू नजर जाते तिथे लावा, सगळीकडे नको. गिलावा पावसात काळा पडतो हे खरंय, त्याची निगा सतत राखावी लागते. पण संगमरवराचीही राखावी लागतेच. तो चुनखडीचाच भाऊ, त्याला आंबट चालत नाही. लिंबू, व्हिनेगर, बाथरूमचं ॲसिड, काहीही लावा, तकाकी गेली म्हणून समजा.

आणि हे नीट ऐका, कारण बहुतेकांच्या घरी हीच चूक होते. आपली शहाबादी फरशी, कोटा, काळा कडप्पा हे सगळे चुनखडीचेच दगड. तुकड्यावर लिंबाचा थेंब टाकून बघा, थोड्या वेळाने तिथे निस्तेज डाग दिसेल. त्यामुळे "फरशी काळी पडली, ॲसिड मारून घ्या" असं कुणी सांगितलं तर नम्रपणे चहा पाजा आणि परत पाठवा. पावसाळ्यात शेवाळ आलं तर साधं पाणी आणि खराटा, तारेचा ब्रश नको. कुंड्या शक्यतो मातीच्या. नवी कुंडी रात्रभर पाण्यात भिजवून मग रोप लावा, नाहीतर ती कोरडी कुंडीच पहिलं पाणी पिऊन टाकते. बाहेरून पांढरं फुललं तर ते बोअरच्या पाण्यातले क्षार आहेत, घासून काढा, कुंडी खराब झालेली नसते.

भाजलेल्या मातीवरून मलिक अंबर आठवतो. हबशी गुलाम म्हणून आलेला हा माणूस निजामशाहीचा वजीर झाला, १६१० मध्ये त्याने खडकी वसवली, तेच आजचं आपलं शहर. दुष्काळी माळावर त्याने नहर आणली, डोंगराकडचं जमिनीतलं पाणी नुसत्या उतारावर शहरात खेळवलं. पुढे त्याच धर्तीवर आणखी नहरी झाल्या, पाणचक्कीची खापराच्या नळांची नहर त्यातलीच. एकही मोटर नाही. नहरीच्या वाटेवर ठिकठिकाणी उसासे ठेवलेले, हवा निघायला आणि आत उतरून गाळ काढायला. म्हणजे बांधतानाच दुरुस्तीची वाट ठेवली. आपण नळ काँक्रीटखाली पुरतो आणि गळती लागली की अख्खं अंगण फोडतो. मलिक अंबर १६२६ मध्ये वारला. त्याची कबर खुलताबादलाच आहे. रोज्याला जाणारे बहुतेक जण तिथे फिरकत नाहीत, तुम्ही जा.

आता उरली ती एक कबर. औरंगजेबाबद्दल आपल्या मनात जे आहे ते आहे, आणि छत्रपती संभाजी महाराजांचं काय झालं ते विसरून कुणी मराठी माणूस त्या दारातून आत जात नाही. मी इथे फक्त मातीबद्दल बोलतेय. शेख जैनुद्दीनच्या दर्ग्याच्या आवारात ती कबर आहे, वर छप्पर नाही, मधला भाग उघड्या मातीचा आणि त्यात सब्जाचं रोपटं. भोवतीची संगमरवरी जाळी पुढे विसाव्या शतकात निजामाच्या काळात आली. पाऊस पडला की सरळ मातीत मुरतो. ज्याच्या ताब्यात जवळजवळ अख्खा हिंदुस्थान होता, त्याच्या कबरीवर फरशी नाही. आणि आमच्या दोन खोल्यांच्या घरापुढे इंचभर माती उघडी राहिलेली आम्हाला चालत नव्हती.

झाडाभोवती जागा सोडायची ही नुसती हौस नाही. एप्रिल २०१३ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीसाठी आदेश दिला होता, की झाडांच्या भोवतीचं एक मीटरच्या आतलं काँक्रीट काढा. एक मीटर म्हणजे किती, ते हात पसरून बघा आणि मग आपल्या सोसायटीतल्या झाडांकडे बघा.

आमच्या टाइल्स मागच्या वर्षी फोडल्या. खुलताबादकडचे एक वयस्कर गवंडी मिळाले. त्यांना सांगितलं, शहाबादी लावा, पण पॉलिश नको, खरखरीत बाजू वर. खाली खडी, तिच्यावर कच, फरशीचा ढाळ फाटकाकडे न देता झाडाकडे. मी सांध्यांसाठी सिमेंटची गोणी आणून ठेवली होती. ते म्हणाले, "ताई, सांधा सिमेंटनं भरू नका. उद्या एक फरशी फुटली तर एक काढायला चार फोडाल." मग बोटभर सांधे ठेवले, त्यात वाळू भरली. त्या सांध्यांतून गवत येतं, दर पंधरा दिवसांनी उपटावं लागतं. आई म्हणते, हे काम तिचं नाही. म्हणून रविवारी सकाळी मी बसते उपटत, कानात कुणाचा तरी पॉडकास्ट लावून.

नवा पारिजातक लावलाय, गुडघ्याएवढा आहे. भोवती हातभर पसरता येईल एवढी माती उघडी ठेवलीय. परवाच्या पावसात फाटकाबाहेर पाणी गेलं, पण अगदी थोडं.

तुमच्या अंगणात किंवा गच्चीवर काय लावलंय, कुठला दगड, किती जुना, ते फोटोसकट पाठवा. जुन्या वाड्यातल्या चुन्याच्या भिंती असतील तर आधी त्या पाठवा. पुढच्या भागात पाणचक्कीच्या नहरीवरून चालत जायचंय, बूट घालून या.