दप्तराची झडती आणि अमेरिकेची राज्यघटना
अमेरिकेच्या राज्यघटनेत 1791 साली समाविष्ट झालेली चौथी दुरुस्ती नागरिकाचे शरीर, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांना सरकारच्या अवाजवी झडतीपासून संरक्षण देते. परंतु शाळकरी मुलाच्या दप्तराला हे संरक्षण लागू आहे की नाही, हा प्रश्न त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाली काढला तो थेट 1985 मध्ये. या दीर्घ विलंबाचे मूळ इंग्लंडच्या जुन्या कायद्यात होते. विल्यम ब्लॅकस्टोन या विधिज्ञाने 1765 पासून प्रसिद्ध झालेल्या आपल्या भाष्यात असे मांडले होते की, बाप आपल्या अधिकाराचा काही भाग शिक्षकाकडे सोपवू शकतो आणि तेवढ्यापुरता शिक्षक बापाच्या जागी उभा असतो. हा विचार स्वखुशीने नेमलेल्या शिक्षकापुरता समजण्याजोगा होता. मात्र 1852 मध्ये मॅसॅच्युसेट्सने सक्तीच्या शिक्षणाचा कायदा केला, 1918 पर्यंत सर्व राज्यांनी त्याचे अनुकरण केले आणि मुलाला शाळेत धाडणे ही पालकांची मर्जी न राहता कायद्याची आज्ञा झाली, तरीही बापाला मुलाचे खिसे तपासण्यासाठी वॉरंट लागत नाही म्हणून शाळेलाही लागत नाही, हा युक्तिवाद अनेक राज्यांच्या न्यायालयांत ग्राह्य धरला जात राहिला. सरकारी सक्तीला घरातल्या मायेचा अधिकार बहाल करणारा हा युक्तिवाद मुळातच सदोष होता.

त्याला तडे गेले ते इतर हक्कांच्या बाजूने. ध्वजवंदनाची सक्ती 1943 मध्ये घटनाबाह्य ठरली, तर व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ काळी फीत बांधणाऱ्या विद्यार्थ्यांचे अभिव्यक्तिस्वातंत्र्य 1969 च्या टिंकर खटल्यात मान्य झाले.

झडतीचा प्रश्न ऐरणीवर आणला तो न्यू जर्सीतील पिस्काटावे येथील एका घटनेने. मार्च 1980 मध्ये शाळेच्या स्वच्छतागृहात सिगारेट ओढल्याच्या आरोपावरून चौदा वर्षांच्या एका विद्यार्थिनीला उपमुख्याध्यापकांपुढे उभे करण्यात आले. न्यायालयीन कागदपत्रांत तिचा उल्लेख केवळ ‘टी. एल. ओ.’ या आद्याक्षरांनी आहे. तिने आरोप नाकारताच तिची पर्स उघडण्यात आली. सिगारेटच्या पाकिटासोबत गांजा ओढणारे वापरतात तसले कागद दिसले, तेव्हा संपूर्ण पर्स तपासण्यात आली आणि थोडा गांजा, पैसे, देणेकरी विद्यार्थ्यांची यादी व दोन पत्रे एवढा ऐवज हाती लागून प्रकरण बालन्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाने 15 जानेवारी 1985 रोजी दिलेल्या निकालात दोन गोष्टी एकदमच केल्या. सरकारी शाळेचे अधिकारी पालकांचे नव्हे तर राज्यसंस्थेचे प्रतिनिधी आहेत आणि चौथी दुरुस्ती त्यांनाही बांधते, असे त्याने स्पष्ट केले; पण पोलिसांवर असलेली वॉरंटची अट आणि ‘संभाव्य कारणा’ची, म्हणजे गुन्ह्याचा पुरावा सापडेल असे मानण्यास भक्कम आधार असण्याची अट, या दोन्हींतून शाळांना मोकळे केले. झडतीच्या आरंभी वाजवी संशय असावा, आणि झडतीची व्याप्ती तिच्या हेतूशी, मुलाच्या वयाशी, लिंगाशी व नियमभंगाच्या गांभीर्याशी सुसंगत असावी, एवढीच दुपदरी कसोटी उरली. तिच्यानुसार पिस्काटावेची झडतीही वैध ठरली.

या कसोटीत निदान विशिष्ट मुलावरील विशिष्ट संशय गृहीत होता. पुढच्या दोन निकालांनी ठरावीक चाचण्यांपुरता तोही काढून घेतला. ओरेगनमधील व्हर्नोनिया गावातील शाळांनी खेळाडूंची अमली पदार्थांसाठी मूत्रचाचणी सुरू केली होती. कोणाविरुद्धही संशय नसताना चिठ्ठ्या टाकून नावे निवडण्याची ही पद्धत 1995 मध्ये वैध ठरली, आणि 2002 मध्ये ओक्लाहोमातील एका खटल्यात ती गायनवृंदात वा वादनपथकात भाग घेणाऱ्यांनाही पाच विरुद्ध चार मतांनी लागू झाली. शाळांतील अमली पदार्थांची चिंता खरी होती, हे मान्य करूनही असे म्हणावे लागते की, निर्दोष मुलांना सरसकट संशयित मानण्याची ही मुभा 1985 च्या निकालापेक्षा अधिक घातक होती.

या प्रवाहाला थोडा बांध बसला तो ॲरिझोनातील सॅफर्डच्या खटल्यात. वेदनाशामक गोळ्या बाळगल्याच्या संशयावरून 2003 मध्ये तेरा वर्षांच्या एका मुलीचे दप्तर तपासण्यात आले, त्यात काही न मिळाल्यावर तिचे बाहेरचे कपडे उतरवून अंतर्वस्त्रेही ताणून पाहण्यात आली, आणि तरीही एकही गोळी सापडली नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये दप्तराची झडती योग्य ठरवली, परंतु अंतर्वस्त्रांपर्यंत गेलेली झडती आठ विरुद्ध एक मतांनी घटनाबाह्य ठरवली. मात्र त्या वेळी कायदा पुरेसा स्पष्ट नव्हता या कारणास्तव, सद्भावनेने वागणाऱ्या अधिकाऱ्याला व्यक्तिगत नुकसानभरपाईपासून मिळणारे संरक्षण देऊन, झडती घेणाऱ्यांना दायित्वातून मुक्त करण्यात आले. मुलीचा हक्क मान्य झाला, पण तो मोडणाऱ्या व्यक्तींना त्याची किंमत मोजावी लागली नाही.