प्राथमिक शाळेतील संगीताचा तास : मुले नेमके काय शिकतात?

शाळेच्या वेळापत्रकात आठवड्यातून एखाद्या वेळी येणारा संगीताचा तास म्हणजे निव्वळ विरंगुळा, असा अनेक पालकांचा समज असतो. परीक्षा जवळ आली की हा तास गणिताला दिला जातो आणि स्नेहसंमेलन आले की त्याची तालीम होते. वास्तविक पहिली ते पाचवीच्या वयात कानावर होणारे संस्कार पुढे भरून काढणे अवघड जाते. म्हणून या तासाचे स्वरूप पालकांनी जाणून घ्यायला हवे.

आधी कान, मग गळा

पहिली-दुसरीत शास्त्राचा उच्चारही नसतो. आवाज उंच की खालचा, लांब की तोकडा, चाल संथ की जलद, हा भेद ओळखायला मुले शिकतात. बडबडगीते आणि प्रार्थना शिक्षकांच्या मागून म्हणताना ऐकणे, लक्षात ठेवणे आणि तसेच म्हणून दाखवणे, ही तिन्ही कामे एकदम घडतात. स्पष्ट उच्चार आणि योग्य ठिकाणी श्वास घेणे हेही येथेच अंगवळणी पडते. राष्ट्रगीत सुमारे ५२ सेकंदांत, एका लयीत पूर्ण करणे हा तर समूहगायनाचा पहिलाच धडा. २०२३ मध्ये राज्यगीताचा दर्जा मिळालेले 'जय जय महाराष्ट्र माझा' हे गीतही आता त्यात आले आहे.

स्वर आणि ताल

तिसरीपासून सा ते नी या सात शुद्ध स्वरांची ओळख होते. 'सारेग, रेगम, गमप' अशा अलंकारांनी गळा फिरू लागतो. कोमल रे, ग, ध, नी आणि तीव्र म असे पाच विकृत स्वर धरून सप्तकात बारा स्वर होतात, हे नंतर सांगितले जाते. पहिला राग म्हणून बहुधा भूप निवडतात. म आणि नी वर्ज्य असल्याने त्यात पाचच स्वर लागतात आणि मुलांना ते सहज पेलतात.

ताल हातावर शिकवला जातो. सहा मात्रांचा दादरा, आठ मात्रांचा केरवा आणि पुढे सोळा मात्रांचा त्रिताल. समेवर टाळी, खालीवर हात बाजूला. एक आवर्तन संपून पुन्हा समेवर येणे साधले की मुलांच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहण्यासारखा असतो.

स्वरलेखन आणि वाद्ये

पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६) आणि पं. विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२-१९३१) यांनी स्वरलिपीच्या दोन पद्धती रूढ केल्या. भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, तर मंद्र स्वराखाली आणि तार स्वरावर टिंब देतात. चौथी-पाचवीतील मुले ही चिन्हे लवकर आत्मसात करतात.

वाद्यांचे तत, सुषिर, अवनद्ध आणि घन हे भरताच्या नाट्यशास्त्रातील चार प्रकार. तंबोरा, बासरी, ढोलकी आणि टाळ ही त्यांची उदाहरणे मुलांना घरात, देवळात किंवा मिरवणुकीत भेटलेलीच असतात.

'तुला गाता येत नाही'

या तासातील सर्वांत मोठा धोका म्हणजे बेसूर ठरवलेल्या मुलाला मागच्या रांगेत उभे करून 'नुसते ओठ हलव' असे सांगणे. पुष्कळदा दोष मुलाचा नसून पट्टीचा असतो. शिक्षकांच्या सोयीची पट्टी लहान गळ्याला झेपतेच असे नाही. पट्टी बदलून, एकच स्वर पुनःपुन्हा ऐकवला तर बहुतेक मुले हळूहळू सुरात येतात. एकदा गप्प केलेले मूल मात्र मोठेपणीही गुणगुणायला संकोचते.

२००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने दहावीपर्यंत कलाशिक्षण अनिवार्य असावे, अशी शिफारस केली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही कलांना मुख्य अभ्यासापासून वेगळे मानलेले नाही. कागदावरचे हे स्थान वर्गात टिकते की नाही, हे शाळेइतकेच पालकांवरही अवलंबून आहे. पालकसभेत गणिताच्या गुणांची चौकशी करताना 'या महिन्यात संगीताचे किती तास झाले?' एवढे विचारले, तरी पुष्कळ फरक पडेल.